गोळी सोडण्यापूर्वी : अधिवृक्क ग्रंथीचे आजार आणि त्यांची औषधे



या अंकातील आरोग्य अभ्यासाचा विषय थोडा अवघड आहे, पण तो निवडण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगते, म्हणजे हा अभ्यास आपल्या कामाला का लागतो ते कळेल.

गेल्या पावसाळ्यात सातपुड्यातील एका पाड्यावर मी बोगस डॉक्टरांविषयी बोलत होते. मोटारसायकलवर पिशवी अडकवून येणारे, कशावरही इंजेक्शन देणारे, कागदाच्या पुडीत नाव नसलेल्या गोळ्या बांधून देणारे हे लोक आपल्या भागात सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. बैठकीत एक बाबा बसले होते. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाण्यात घालवली आणि गुडघे गमावून परत आले. दोन वर्षांपासून ते अशाच एका माणसाकडून "ताकदीची गोळी" घेत होते. गोळीने दुखणे थांबे, भूक लागे. चेहरा गोल गरगरीत झाला होता आणि शेजारी म्हणत, बाबा सुधारला. माझे बोलणे ऐकून त्यांनी कमरेच्या पुड्या काढून माझ्या हातात दिल्या. मी त्या सर्वांसमोर चुलीत टाकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरे वाटले.

दहा-बारा दिवसांनी त्यांच्या सुनेचा निरोप आला. बाबांना ताप होता, जुलाब होत होते, उलटी थांबत नव्हती आणि ते उठून बसू शकत नव्हते. पोरांनी झोळी करून त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत आणले, तिथून १०८ च्या गाडीने ग्रामीण रुग्णालय गाठले. दोन बाटल्या सलाईन गेले तरी रक्तदाब वर येईना. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी विचारले, "कुठल्या गोळ्या चालू होत्या?" मी जरा अभिमानानेच म्हणाले, "बोगस डॉक्टरच्या होत्या. पण मी त्या दहा-बारा दिवसांपूर्वीच बंद केल्या."

मॅडमनी बाबांचा गोल चेहरा पाहिला, हातावरची कागदासारखी पातळ झालेली कातडी आणि निळे डाग पाहिले आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यायला सांगितले. संध्याकाळी बाबा उशाला टेकून बसले होते आणि भाकरी मागत होते. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, ती गोळी चुकीची होती, हे खरं. पण ती सोडवायची तुमची पद्धतही चुकीची होती. अजून उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते."

त्या दिवसापासून हा विषय मी त्यांच्याकडून आणि पुस्तकांतून समजून घेत आहे. मी डॉक्टर नाही. औषधाची मात्रा ठरवणे हे डॉक्टरांचेच काम. पण औषध कसे काम करते हे आपल्याला कळले, तर निदान आपल्या हातून कोणाला अपाय होणार नाही.

दोन लहान ग्रंथी

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क म्हणतात. डॉक्टर ॲड्रिनल म्हणतात. एकेका ग्रंथीचे वजन चार-पाच ग्रॅमच असते, पण या दोन्ही ग्रंथी काम करेनाशा झाल्या तर माणूस औषधाशिवाय जगू शकत नाही.

ग्रंथीच्या बाहेरच्या थरात मुख्यतः दोन महत्त्वाची संप्रेरके, म्हणजे हार्मोन, तयार होतात. पहिले कॉर्टिसॉल. ते रक्तातील साखर आणि रक्तदाब सांभाळते आणि ताप, जखम, ऑपरेशन अशा संकटात शरीराला उभे ठेवते. पहाटे ते सर्वांत जास्त असते आणि रात्री सर्वांत कमी. दुसरे अल्डोस्टेरॉन. ते शरीरातील मीठ राखून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. आतल्या गाभ्यात ॲड्रेनलिन बनते. भीती वाटली की छाती धडधडते, ती त्याच्यामुळे.

कॉर्टिसॉल किती बनवायचे हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी आहे. रक्तात कॉर्टिसॉल कमी दिसले की ती एसीटीएच नावाच्या संप्रेरकातून हुकूम पाठवते, "बनवा." पुरेसे दिसले की हुकूम थांबतो. पुढचा बराचसा अभ्यास या एका व्यवस्थेवर उभा आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

कमी पडते तेव्हा : उणे असेल ते भरून देणे

१८५५ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी काही रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे रोगी दिवसेंदिवस अशक्त होत, वजन घटे, कातडी काळवंडे आणि शेवटी ते मरत. मृत्यूनंतर पाहता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडलेल्या आढळल्या, आणि त्यांतील अनेकांत कारण क्षयरोग हे होते. या आजाराला आजही ॲडिसनचा आजार म्हणतात. त्या काळी त्यावर इलाज नव्हता. अमेरिकेतील एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडमधील तादेउश राइशस्टाइन यांनी या ग्रंथीतील द्रव्ये वेगळी काढली. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रोग्याला कॉर्टिसोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. या तिघांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ॲडिसनच्या रोग्यांचेही जगणे याच औषधांनी बदलले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना हा आजार होता. १९४७ साली निदान झाले आणि औषध घेतच त्यांनी एवढ्या मोठ्या पदाचा भार उचलला.

इथे औषधाचे काम सरळ आहे. शरीर जे बनवत नाही, ते बाहेरून द्यायचे. कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी देतात. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत वाटून. सर्वांत मोठा वाटा सकाळी उठल्याबरोबर घ्यायचा असतो, कारण निरोगी शरीरातही कॉर्टिसॉल सकाळीच जास्त असते. ही गोळी खेड्यात सहज मिळत नाही, तेव्हा डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. ती जास्त वेळ टिकते. अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनची अगदी लहान मात्रेची गोळी दिवसातून एकदा असते, आणि जेवणात मीठ कमी करायचे नसते.

ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात. पण रोज तेवढीच घेऊन भागत नाही. निरोगी माणसाला ताप आला की त्याच्या ग्रंथी आपोआप जास्त कॉर्टिसॉल सोडतात. या रोग्याच्या ग्रंथी ते करू शकत नाहीत. म्हणून ताप आला की डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा काही दिवसांपुरती दुप्पट किंवा तिप्पट करायची. उलटी होत असेल तर गोळी पोटात राहत नाही. अशा वेळी १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन लागते, आणि तेही वेळ न घालवता. बाळंतपण आणि ऑपरेशन यांच्या वेळीही डॉक्टरांना आधी सांगावे लागते.

क्षयरोग आणि हा आजार

आपल्या भागात ही बाजू फार महत्त्वाची आहे, कारण क्षयरोग घरोघरी पोहोचलेला आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसातून अधिवृक्क ग्रंथीतही जाऊ शकतात आणि हळूहळू ती पोखरून टाकतात.

ओळखायचे कसे? सतत थकवा, वजन घटणे, मळमळ, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, आणि मीठ खावेसे वाटणे. सावळ्या कातडीवर काळेपणा चटकन दिसत नाही. म्हणून तळहाताच्या रेषा, हिरड्या, गालाची आतली बाजू आणि जुन्या जखमांचे वण पाहावेत. ते काळपट होत असतील, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगावे. सकाळच्या रक्तातील कॉर्टिसॉल तपासून शंका पुष्कळ अंशी दूर करता येते.

आणखी एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती. क्षयाच्या औषधांतील रिफॅम्पिसिन यकृताला अशी गती देते, की शरीरातील कॉर्टिसॉल आणि स्टेरॉइडची गोळी दोन्ही लवकर संपतात. ज्याची ग्रंथी आधीच अर्धी निकामी आहे, तो क्षयाचे औषध सुरू झाल्यावर एकाएकी खालावू शकतो. लोक म्हणतात, "गोळ्या गरम पडल्या," आणि क्षयाचे औषध सोडून देतात. इथे दोन्ही बाजूंनी मरण आहे. क्षयाचे औषध सोडायचे नाही. रोग्याला दवाखान्यात न्यायचे, आणि डॉक्टर गरजेप्रमाणे स्टेरॉइड सुरू करतात किंवा त्याची मात्रा वाढवतात.

जन्मजात कमतरता

काही बाळांच्या ग्रंथींत कॉर्टिसॉल बनवणारे एक विकर जन्मतःच कमी असते. पीयूषिका हुकूम पाठवतच राहते, ग्रंथी मोठी होते, पण कॉर्टिसॉलऐवजी पुरुषी संप्रेरके जास्त बनतात. मुलीच्या बाबतीत जन्मतःच अवयवांवरून शंका येते. मुलगा मात्र दिसायला अगदी नीट असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, सुस्ती आणि मीठ कमी होऊन दगावू शकतो. घरात आधीचे एखादे बाळ असेच गेले असेल, तर ते आशाताईंना आणि डॉक्टरांना अवश्य सांगावे. इथे हायड्रोकॉर्टिसोन दोन कामे करते. उणे भरून काढते आणि पीयूषिकेचा अवाजवी हुकूमही थांबवते. सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि तान्ह्या बाळाला वरचे मीठही देतात.

जास्त होते तेव्हा : आवर घालणे

कधी ग्रंथीत किंवा पीयूषिकेत गाठ होऊन कॉर्टिसॉल जास्त बनते. याला कुशिंगचा आजार म्हणतात. चेहरा गोल, पोट मोठे, हातपाय बारीक, पोटावर जांभळे चट्टे, साखर आणि रक्तदाब वाढलेला. यावर पहिला इलाज ऑपरेशनचा. ते करता येत नसेल किंवा त्याआधी तब्येत सावरायची असेल, तर कीटोकोनाझोल, मेटिरापोन अशी औषधे कॉर्टिसॉल बनण्याची वाटच अडवतात.

अल्डोस्टेरॉन जास्त झाले तर रक्तदाब खूप वाढतो आणि पोटॅशियम घटू शकते. स्पायरोनोलॅक्टोन हे औषध संप्रेरक बनणे थांबवत नाही, पण ते ज्या जागी जाऊन काम करते ती जागाच अडवून बसते. गाभ्यातील गाठीमुळे ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये उसळत असतील, तर आधी रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे देतात, मग गरज असल्यास छातीची धडधड कमी करणारी, आणि त्यानंतर ऑपरेशन. हा क्रम उलटा केला तर रक्तदाब धोकादायक वाढतो.

बाबांच्या बाबतीत काय झाले

बाबांच्या ग्रंथीत काहीच रोग नव्हता. त्यांच्या "ताकदीच्या गोळी"त स्टेरॉइड असल्याची मॅडमची खात्री होती. अशा पुड्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन असते. ते फार जोरकस आहे. त्याचे पाऊण मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ आणि हायड्रोकॉर्टिसोनचे २० मिलिग्रॅम. एक चिमुकली गोळी म्हणजे दिवसभराचे कॉर्टिसॉल.

आता पीयूषिकेचा हुकूम आठवा. रक्तात बाहेरून भरपूर स्टेरॉइड येत आहे, म्हणून ती हुकूम पाठवणे बंद करते. भाड्याचा ट्रॅक्टर रोज शेतात येऊ लागला की घरचा बैल गोठ्यात बसून राहतो. दोन वर्षांनी एके दिवशी ट्रॅक्टर बंद केला आणि त्याच दिवशी बैलाला जुंपले, तर तो उभ्या शेतात बसतो. बाबांच्या ग्रंथी अशाच सुकल्या होत्या. मी ट्रॅक्टर एका दिवसात बंद केला, आणि त्यातच ताप आला.

तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस स्टेरॉइड घेतलेल्या कोणाचेही असे होऊ शकते. म्हणून ते पायरीपायरीने कमी करतात. मॅडमनी बाबांना प्रेडनिसोलोन सुरू केले आणि दर काही आठवड्यांनी मात्रा थोडी थोडी उतरवली. ग्रंथी जागी झाली की नाही हे सकाळच्या रक्ततपासणीतून पाहतात. याला महिने लागतात, कधी वर्षही. बाबा अजून लहानशा मात्रेवर आहेत. गुडघे दुखतातच. त्यासाठी वेगळे औषध आणि व्यायाम चालू आहे. चेहरा मात्र त्यांचा स्वतःचा परत आला आहे.

इथे एक गैरसमज नको. स्टेरॉइड हे विष नाही. कुष्ठरोगात मज्जातंतूंना सूज येते तेव्हा प्रेडनिसोलोन वेळेवर मिळाले तर हातापायांचे पांगळेपण टळू शकते. आपल्या कामात असे रोगी भेटतात. कोविडच्या काळात, २०२० साली, ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले की प्राणवायू लागणाऱ्या रोग्यांत डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात. दोष औषधाचा नाही. नाव न सांगता, किती दिवस ते न ठरवता आणि तपासणी न करता ते वाटणे, हा दोष आहे. अशा गोळ्यांनी साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि शरीरात दबून असलेला क्षय उसळून येतो.

प्रार्थना आणि गोळी

मंडळीत हे बोलणे थोडे नाजूक आहे, तरी बोलते. प्रार्थनेनंतर बरे वाटले म्हणून औषध सोडले, अशी साक्ष आपण ऐकतो. ॲडिसनच्या रोग्याने असे केले तर काही दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. त्याच्यासाठी ती गोळी भाकरीतल्या मिठासारखी आहे. रोज भाकरी खाणाऱ्याचा विश्वास कमी आहे असे आपण म्हणत नाही. मग रोज गोळी घेणाऱ्याला तरी का म्हणावे?

चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी अनेकदा शिकवला आहे. तेल आणि द्राक्षारस ओतण्यावर माझा भर असे. आता मला त्यापुढचा भाग जास्त दिसतो. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, पैसे दिले आणि परत येताना उरलेला खर्च भरीन असे सांगून गेला. पुड्या चुलीत टाकल्या तेव्हा मी पहिले काम केले होते, पुढचे केले नव्हते.

आता आम्ही काय करतो

पाड्यावर कोणी अशा गोळ्या घेत असेल, तर आम्ही चार गोष्टी विचारतो. कोणती गोळी? किती महिने? शेवटची कधी घेतली? मधे ताप-उलटी झाली का? गोळी फेकायला आम्ही सांगत नाही. उरलेली पुडी घेऊन रोग्याला दवाखान्यात नेतो, म्हणजे डॉक्टरांना अंदाज येतो आणि ते सुरक्षित गोळीवर आणून ती हळूहळू उतरवतात. ज्यांना स्टेरॉइड चालू आहे त्यांच्याजवळ मराठीत मोठ्या अक्षरांत एक कार्ड ठेवतो : "मला स्टेरॉइड चालू आहे. अचानक बंद करू नये. उलटी किंवा बेशुद्धी असल्यास हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन लागू शकते." बाबा ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतात. मागच्या महिन्यात त्यांनी बैठकीत ते स्वतः काढून दाखवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, हे चुलीत टाकू नका." सगळे हसले, मीही हसले.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या घरात किंवा शेजारी कोणी नाव नसलेली गोळी किंवा पुडी बरेच दिवस घेत आहे का? त्यांच्याशी कसे बोलाल?

२. दमा, त्वचारोग किंवा संधिवातासाठी कोणाला स्टेरॉइड चालू असेल, तर ते कधी आणि कसे बंद करायचे हे त्यांनी डॉक्टरांना विचारले आहे का?

३. क्षयाचे औषध घेणारा कोणी जास्तच अशक्त होत असेल, तर त्याला दवाखान्यात कोण घेऊन जाईल? नाव ठरवा.

४. जन्मभर औषध घेणाऱ्या विश्वासूला आपल्या साक्षींमुळे संकोच वाटतो का? तो आपण कसा दूर करू?

बाबांसाठी, त्यांच्या सुनेसाठी आणि त्या दिवशी झोळी उचलणाऱ्या पोरांसाठी प्रार्थनेत आठवण ठेवा.